संगणक नसला तरी चालेल: वाचन-लेखनासाठी कोडिंगच्या सवयी

वडीगोद्रीच्या चौकात जालना-अंबडकडून येणारा रस्ता धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो. तिथे उभ्या असलेल्या दुसरी-तिसरीतल्या मुलाला एसटीवरची ‘अंबड’ ही पाटी लांबूनही कळते, कारण ती त्याच्या डोळ्यांत बसलेली असते. ‘गेवराई’ची गाडी आली की तेच मूल अडखळते. ओळखीची पाटी ते सांगू शकते, पण अनोळखी पाटी अक्षर-अक्षर लावून वाचणे त्याला जमत नाही. प्राथमिक शाळेच्या पहिल्या तीन वर्षांत हेच अंतर ओलांडायचे असते. 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानेही हेच उद्दिष्ट ठेवले आहे: 2026-27 पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे.

या कामात शिक्षकांना एका अनपेक्षित ठिकाणाहून मदत मिळू शकते. ते ठिकाण म्हणजे कोडिंग. संगणकाला काम सांगणाऱ्या माणसाला काही सवयी लावून घ्याव्या लागतात. पायऱ्या क्रमाने आणि नेमक्या सांगायच्या, पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट ओळखून तिचा नियम करायचा, कोणत्या अटीला काय करायचे ते ठरवायचे आणि काम अडले तर चूक नेमकी कुठे आहे ते शोधायचे. वाचायला-लिहायला शिकणाऱ्या मुलालाही याच सवयी लागतात. त्या लावायला खडू, पुठ्ठा आणि वर्गातली मुले पुरतात.

हा विचार जुना आहे. गणितज्ञ सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पुढे त्यात मुलांच्या सूचनेनुसार चालणारे कासव आले. संगणकशास्त्रज्ञ जेनेट विंग यांनी 2006 मधल्या लेखात असे मांडले की, वाचन, लेखन आणि अंकगणित यांच्या जोडीने संगणकीय विचार हेही प्रत्येक मुलाचे कौशल्य मानावे. न्यूझीलंडमध्ये टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाविना करायचे खेळ रचले. भारतात एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेने 2016 मध्ये ‘सीएसपाठशाळा’ हा उपक्रम सुरू केला. त्याचा भरही यंत्राशिवाय शिकवण्यावरच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 कोडिंगचे उपक्रम सहावीपासून सुचवते. म्हणून पहिली ते चौथीच्या वर्गात कोडिंग हा वेगळा विषय करण्याची गरज नाही. त्यातल्या सवयी भाषेच्या तासात आणाव्यात, एवढेच येथे सुचवायचे आहे.

क्रम: शिक्षक यंत्र होतात

जालना जिल्ह्यात मोसंबी घरोघरी माहीत असते, म्हणून सुरुवात तिच्यापासून करा. वर्गात एक मोसंबी आणा. मुलांना सांगा, “आज मी यंत्र आहे. तुम्ही सांगाल तेवढेच करीन, मनाने काही करणार नाही. मला ही मोसंबी सोलून चौघांना वाटायला शिकवा.”

पहिली सूचना ठरलेली असते: “सर, साल काढा.” सरांनी मोसंबी हातात धरून नुसते उभे राहायचे. “कशाने काढू?” “नखानं!” सर नख हवेत फिरवतात. “कुठून?” आता वर्गात कालवा होतो. कोणी म्हणते वरून, कोणी म्हणते देठापासून. शेवटी एखादी मुलगी पुढे येऊन सांगते, “देठापाशी नख रोवा, मग साल खाली ओढा.” या वाक्यात जागा आहे, साधन आहे, कृती आहे आणि ‘मग’ हा क्रम जोडणारा शब्दही आहे. हे वाक्य तसेच फळ्यावर लिहा. पुढे फोडी वेगळ्या करणे, बिया काढणे, वाटणे अशा एकेका पायरीसाठी मुलांना नेमके वाक्य शोधू द्या.

तोंडी खेळ संपला की त्याचे लेखन करा. पहिलीची मुले प्रत्येक पायरीचे चित्र काढतील आणि खाली एकच शब्द लिहितील: साल, फोड, बी. दुसरीची मुले कागदाच्या पट्ट्यांवर छोटी वाक्ये लिहितील. पट्ट्या मिसळून दुसऱ्या गटाला द्या आणि क्रमाने लावायला सांगा. तिसरी-चौथीची मुले आधी, मग, त्यानंतर, शेवटी हे शब्द वापरून पूर्ण कृती लिहितील. दुसऱ्या दिवशी ती कृती वेगळ्याच गटाने वाचून जशीच्या तशी करून पाहायची. जिथे करणारा अडला, तिथे लिहिणाऱ्याचे काही सुटले आहे. आपले लिहिलेले कोणीतरी खरोखर वाचते आणि त्यावर वागते, हे मुलांना इथे प्रत्यक्ष दिसते. नेमके लिहायचे कशासाठी, हा प्रश्न मग उरत नाही.

गोष्टीलाही हेच लावता येते, फक्त एक भर घालून. गोष्टीचे प्रसंग क्रमाने लावून झाले की दोन पट्ट्यांच्या मध्ये बोट ठेवा आणि विचारा, “यानंतर हे का झाले?” केवळ क्रम सांगणारे मूल गोष्ट पाठ म्हणू शकते. कारण सांगणाऱ्या मुलाला ती समजलेली असते.

पुनरावृत्ती: बाराखडीचा यंत्रासारखा उपयोग

तेच काम पुन्हा पुन्हा करायचे असेल तर कोड लिहिणारा ते दहा वेळा लिहीत नाही. तो एक नियम लिहितो आणि बदलणारी जागा मोकळी ठेवतो. आपली बाराखडी नेमकी अशीच आहे. व्यंजन बदलते, खुणा त्याच राहतात. अडचण अशी की आपण ती बहुधा एकाच दिशेने म्हणून घेतो: क, का, कि, की. मुलांना ती सुरात येते आणि नेमका ‘के’ दाखवला की त्यांना पुन्हा ‘क’पासून सुरुवात करावी लागते.

म्हणून बाराखडी तक्त्याच्या दोन्ही दिशांनी चालवा. समजा, वर्गात म, क, ल, स, र, न ही सहा अक्षरे झाली आहेत. त्यांच्या जोडीला फक्त काना, दीर्घ वेलांटी आणि एक मात्रा घ्या. सहा अक्षरे, प्रत्येकाची चार रूपे, अशी चोवीस रूपे होतात. आता आडवे न जाता उभे वाचा: मा, का, ला, सा, रा, ना. ‘काना लागला की आ’ हा नियम मुलाच्या हाती येतो आणि सातवे अक्षर शिकवले की त्याचे कानायुक्त रूप मूल न शिकवता सांगते. याच चोवीस रूपांतून मका, कान, नाक, रान, साल, केस, काकी हे शब्द मुलांकडून बनवून घ्या. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या एकावर एक बसवून, आतल्या चकतीवर अक्षरे आणि बाहेरच्या चकतीवर खुणा असे साधनही सहज होते. शासनमान्य वर्णमालेत ॲ आणि ऑ हे स्वरही आहेत. त्यांच्या खुणा तिसरीत जोडल्या की बॅट, ट्रॅक्टर, डॉक्टर हे रोजचे शब्द मुलांना वाचता येतील.

पुनरावृत्तीच्या गोष्टी आपल्याकडे भरपूर आहेत. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीला वाटेत एकेक प्राणी भेटतो आणि दर वेळी जवळपास तोच संवाद होतो. तो संवाद एका पट्टीवर लिहा आणि प्राण्याच्या नावाची जागा मोकळी ठेवा. प्राण्यांची कार्डे बदलत गोष्ट वाचायची. वाक्य तेच असल्याने मागे पडलेल्या मुलालाही धीर येतो आणि नवा शब्द एकच वाचायचा असल्याने ते अडत नाही. मग मुलांना त्यांच्या पसंतीचे प्राणी घालून गोष्ट वाढवायला सांगा.

जर–तर: रफाराचे कोडे

जोडाक्षरांपाशी बरीच मुले थबकतात. ‘र’ची जोडाक्षरे तर शिक्षकांनाही समजावून देणे कठीण जाते. इथे अटीच्या भाषेत बोला. जर ‘र’चा स्वर गेला आणि तो आधी उच्चारला, तर तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो: वर्ग, मार्ग, सूर्य. जर आधीच्या अक्षराचा स्वर गेला आणि ‘र’ नंतर आला, तर तो त्या अक्षराच्या अंगाला किंवा पायाशी लागतो: चक्र, पत्र, ट्रक. वर्गात दोन टोपल्या ठेवा, एक ‘डोक्यावर’ आणि दुसरी ‘खाली’. शब्दकार्ड मोठ्याने म्हणायचे, ‘र’ आधी ऐकू आला की नंतर ते ठरवायचे आणि कार्ड योग्य टोपलीत टाकायचे. गावाचे नावही यातच बसते. वडीगोद्रीतला ‘द’ आधी, ‘र’ नंतर. दुसऱ्या, तऱ्हा या शब्दांत ‘र’ वेगळ्या रूपात येतो. असे शब्द मुलांना सापडले की तिसरी टोपली त्यांनाच सुचू द्या.

इथे शिक्षकाच्या खिशातला मोबाइल फार उपयोगी पडतो. मराठी कळफलक उघडा आणि मुलांसमोर ‘कि’ टाइप करा. आधी ‘क’ दाबावा लागतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र ती वेलांटी ‘क’च्या अलीकडे जाऊन बसते. आता ‘वर्ग’ टाइप करा: व, र, पाय मोडण्याची खूण, ग. ‘ग’ दाबताच ‘र’ उडी मारून त्याच्या डोक्यावर जातो. मोबाइल अक्षरे उच्चाराच्या क्रमाने मागतो आणि लिपीच्या रिवाजाने मांडतो. हाताने लिहिताना वेलांटी आधी का काढतो, रफार उच्चारात आधी असून नंतर का देतो, हे मुलांना डोळ्यांदेखत कळते. एका मोबाइलवर पाच-पाच मुलांचे गट करून हा प्रयोग एका तासात सगळ्या वर्गाला दाखवता येतो.

मोठ्या मुलांसाठी जर–तरचे वर्गपुस्तक करा. विषय घरचाच घ्या: अंबडहून वडीगोद्रीला आलेली बस. पहिल्या पानाखाली दोन सूचना लिहा. ‘बस शहागडकडे वळली तर पान 3 उघडा. पाचोडकडे वळली तर पान 5 उघडा.’ शहागडच्या वाटेवर गोदावरी, तिचा पूल आणि पलीकडचा बीड जिल्हा येईल. पाचोडच्या वाटेवर शेते, बाजार आणि पुढे छत्रपती संभाजीनगर. एकेक पान एकेका गटाकडे द्या. मागच्या पानाशी आपले पान जुळते का, हे पाहण्यासाठी मुलांना एकमेकांची पाने पुन्हा पुन्हा वाचावी लागतात. एरवी ‘पुन्हा वाच’ म्हटले की कंटाळणारी मुले इथे आपण होऊन वाचतात.

चूक शोधणे: सगळ्यांत मोलाची सवय

कोडिंगमधून एकच गोष्ट घ्यायची ठरली, तर ही घ्या. पहिल्याच झटक्यात बरोबर चालणारा कोड क्वचित असतो. तो चालवून पाहणे, अडला तिथे थांबणे, कारण शोधणे आणि दुरुस्त करून पुन्हा चालवणे हा कामाचाच भाग आहे. आपल्या वर्गात चुकीखाली लाल रेघ येते आणि मूल वही झाकून घेते. चुका झाकणारे मूल लिहिणेच कमी करत जाते. म्हणून आठवड्यातून एकदा मुलांना चुका शोधण्याचे काम द्या आणि चुका शिक्षकांनी मुद्दाम पेरा. उदाहरणार्थ, फळ्यावर लिहा:

‘काल आई आणि मी वडीगोद्रीहून अंबडला जाणार. बस मध्ये गर्दी होती. गोदावरीचा पुल ओलांडला आणि अंबड आले.’

यात चार चुका आहेत. ‘पूल’मधला उकार दीर्घ हवा. ‘बसमध्ये’ जोडून लिहायचे. ‘काल’ आणि ‘जाणार’ यांचा मेळ बसत नाही. चौथी चूक अक्षरात नाही, अर्थात आहे: वडीगोद्रीहून अंबडला जाताना गोदावरी लागत नाही, ती शहागडच्या बाजूला आहे. अक्षरे भराभर वाचणाऱ्या मुलांच्या हातून ही चूक सुटते आणि वाचनात मागे असलेले, पण या रस्त्याने मामाच्या गावाला गेलेले मूल हात वर करते. समजून वाचणे म्हणजे काय, ते वर्गाला या एका वाक्यातून कळते.

यानंतर मुलांनी स्वतःच्या लेखनाकडे वळायचे. फळ्याच्या कडेला तीन प्रश्न कायम लिहून ठेवा: मी लिहिलेले मोठ्याने वाचले का? जे म्हणायचे होते तेच लिहिले गेले का? नेमके कुठे अडते? शिक्षकांनी वही तपासताना चूक दुरुस्त करून देऊ नये. त्या ओळीसमोर समासात फक्त ठिपका द्यावा. चूक त्या ओळीत आहे, शोधायची मुलाने. सापडली की मुलाने ठिपक्याभोवती गोल करायचा. असे गोल वाढत गेले तर वर्ग पुढे चालला आहे असे समजा.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाने ‘पानी’ लिहिले, तर त्याची बोली चुकलेली नाही. तांड्यावरून येणाऱ्या मुलाची घरची भाषा गोरमाटी असते. तिथले शब्द त्याने वर्गात आणले, तर तीही भर आहे. “घरी आपण असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितो,” असे दोन रकाने भिंतीवर लावा आणि दोन्ही रकाने मुलांना भरू द्या. मुलाच्या आईच्या बोलण्याला चूक ठरवून साक्षरता येत नाही.

जोडीने काम: ऊसतोडीच्या हंगामातही उपयोगी

प्रोग्रामर कधी कधी जोडीने बसतात. एक लिहितो, दुसरा पाहून सुचवतो आणि ठरावीक वेळाने दोघे जागा बदलतात. वाचनासाठी अशाच जोड्या करा. एक मूल बोट ठेवून वाचेल, दुसरे ऐकेल आणि अडल्यास उत्तर न देता खूण सांगेल: “वेलांटी बघ”, “रफार आहे.” पाच मिनिटांनी बदल करायचा. द्विशिक्षकी शाळेत, जिथे एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, तिथे एका इयत्तेला शिकवताना दुसरी इयत्ता रिकामी राहत नाही.

अंबड तालुका उसाचा आहे आणि अंकुशनगरचा साखर कारखानाही याच तालुक्यात आहे. गळीत हंगाम सुरू झाला की काही मुले आईवडिलांबरोबर दूरच्या फडावर जातात आणि तोडणी कामगारांची मुले बाहेरून इथे येतात. अशा मुलाचा धडा मध्येच तुटतो. काम छोट्या पायऱ्यांत तोडलेले असेल, तर ते कुठे थांबले हे कळते. प्रत्येक मुलासाठी एक पायरीकार्ड ठेवा: कोणती अक्षरे झाली, कोणत्या खुणा झाल्या, कोणत्या जोडाक्षरांवर काम चालू आहे. मूल जाताना त्याची प्रत पालकांकडे द्या. ते ज्या शाळेत बसेल तिथल्या शिक्षकाला सुरुवात कुठून करायची ते समजेल आणि परतल्यावर आपल्यालाही.

टॅब असेल तर

शाळेत टॅब असल्यास ‘स्क्रॅच ज्युनिअर’ वापरून पाहा. 2014 मध्ये आलेले हे मोफत ॲप पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ते बनवले. त्यातले ठोकळे चित्रांचे असल्याने सूचना देण्यासाठी इंग्रजी वाचावे लागत नाही. एका प्रकल्पात चार पाने करता येतात आणि मुलाचा आवाजही भरता येतो. टॅब हाती देण्याआधी गोष्ट चार चौकटींत कागदावर लिहून घ्या, मग ती पडद्यावर हलती करा आणि लिहिलेली वाक्ये मुलाच्याच आवाजात भरा. लिहिण्याचा टप्पा गाळला, तर मुले ॲपमधले मांजर पळवण्यात रमतील आणि भाषेचा तास हातचा जाईल.

आठवड्याची मांडणी

रोज वीस मिनिटे पुरे आहेत.

सोमवार: क्रम. एक कृती तोंडी, मग लेखी.
मंगळवार: पुनरावृत्ती. बाराखडीचा तक्ता किंवा साखळीची गोष्ट.
बुधवार: जर–तर. जोडाक्षरांच्या टोपल्या.
गुरुवार: चूक शोधणे. आधी फळ्यावर, मग स्वतःच्या वहीत.
शुक्रवार: वर्गपुस्तकाचे एक पान.
शनिवार: काहीही न मोजता गोष्टी ऐकणे आणि वाचणे.

शनिवार गाळू नका. क्रम, नियम आणि अटी यांनी वाचनाची यंत्रणा हाती येते. वाचावेसे वाटणे मात्र गोष्टींतून, गाण्यांतून आणि मोठ्या माणसाने जवळ बसून वाचून दाखवण्यातून येते. या उपक्रमांनी तो वेळ खाल्ला तर नफ्यापेक्षा तोटा मोठा होईल. मुलांना बाण, चौकटी आणि ठोकळे यांची नावे पाठ करायला लावू नका. पुनरावृत्तीसाठीचा ‘लूप’ हा शब्द न येता मुलाला उभी बाराखडी वाचता आली, तर काम झाले.

प्रगती पाहायला वेगळी परीक्षा नको. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांनी मुलाचे वाचन पाहिले जाते. महिन्यातून एकदा प्रत्येक मूल कोणत्या पायरीवर आहे ते नोंदवा आणि सोबत दोन गोष्टी पाहा: कधी न शिकवलेला शब्द मूल लावून वाचते का, आणि स्वतःची चूक स्वतः शोधते का. हे दोन्ही वाढत असेल तर पद्धत लागू पडली. वाढत नसेल, तर पद्धत तपासा. मुलाला दोष देऊ नका. चूक कुठे आहे ते शांतपणे शोधण्याची सवय मुलांइतकीच आपल्यालाही हवी.

माता पालक गटालाही यात घ्या. शाळेतून ‘घरची एक कृती लिहून आण’ असे काम गेले, की भाकरी थापणारी आई सांगेल आणि मूल लिहील. ज्या आईला लिहिता येत नाही, तिच्याकडेही सांगण्यासारखे भरपूर आहे आणि तिचे सांगणे मुलाच्या वहीत उतरते. पुढच्या शिक्षण परिषदेला जाताना अशी पाच-सहा मुलांची लिखाणे सोबत न्या, गोल केलेल्या ठिपक्यांसकट. कोणत्या पायरीवर मुले अडतात हे केंद्रातल्या सगळ्या शाळांनी एकत्र बसून पाहिले, तर पुढच्या महिन्यात काय करायचे ते त्या लिखाणांतूनच ठरवता येईल.